स्ट्रिंग कॉपी करताना बिघडणारी मेमरी: व्हॅलग्रिंड की ॲड्रेस सॅनिटायझर?

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीने बसथांब्यांची नावे साठवणारा सी प्रोग्राम आणला होता. ‘कोथरूड’ घातले की तो सुरळीत चाले. ‘स्वारगेट’ घातले की पुढे कधीतरी, घेतलेली मेमरी परत (फ्री) करताना, कोसळे. चूक एकच होती: स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनने सांगितली तेवढीच जागा मेमरी देणाऱ्या मॅलॉककडे मागितली होती आणि स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य बाइटची जागा धरली नव्हती. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेत असल्यामुळे ‘कोथरूड’ १८ बाइटचे, तर ‘स्वारगेट’, अर्ध्या ‘स’चा मोडलेला पाय धरून, नेमके २४ बाइटचे होते. ६४ बिटी लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक कितीही कमी मागितले तरी २४ बाइट देतो. म्हणून पहिल्या नावाची चूक त्या सैल जागेत लपली आणि दुसऱ्याचा पंचविसावा बाइट शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन पडला.

व्हॅलग्रिंड आणि ॲड्रेस सॅनिटायझर ही मेमरीतल्या चुका शोधणारी दोन्ही साधने ही चूक पकडतात. व्हॅलग्रिंडमधील मेमरी तपासणाऱ्या मेमचेकला प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, मात्र वेग २० ते ३० पटींनी मंदावतो. ॲड्रेस सॅनिटायझर कंपाइल करतानाच जोडावा लागतो (जीसीसी या कंपाइलरमध्ये तो ४.८ आवृत्तीपासून आहे) आणि वेळ साधारण दुप्पट लागतो.

खरा फरक स्टॅकवर, म्हणजे फंक्शनमधल्या तात्पुरत्या चलांच्या जागेत, दिसतो. ‘स्वारगेट’ हेच नाव फंक्शनमधल्या २० बाइटच्या ॲरेत, स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या स्ट्रकॉपीने उतरवले, तर मेमचेक सहसा ते अतिक्रमण ओळखत नाही; सॅनिटायझर प्रत्येक ॲरेभोवती निषिद्ध पट्टा आखत असल्याने नेमकी ओळ दाखवून तिथेच थांबतो. नवशिके असेच ॲरे सर्वाधिक वापरतात, त्यामुळे सोर्स हाताशी असेल तर सुरुवात सॅनिटायझरने करावी, असे माझे मत आहे.

सांगितले तेवढेच बाइट कॉपी करणाऱ्या स्ट्रएनकॉपीची गोष्ट उलटी आहे. ४० बाइटच्या ॲरेत तिने मोजून १८ बाइट उतरवले, तर शून्य बाइट लागतच नाही आणि पुढचा कचरा हद्दीतच असल्याने सॅनिटायझर गप्प राहू शकतो. (नावातला ‘एन’ पाहून तिला सुरक्षित समजणारे पुष्कळ भेटतात.) ते बाइट कधी भरलेच नव्हते, हे मेमचेक सांगते.

दोन्ही एकाच वेळी मात्र चालवू नयेत. सॅनिटायझर न जोडता वेगळा कंपाइल केलेला प्रोग्रामच व्हॅलग्रिंडला द्यावा.