स्टिकर २३० व्होल्टचं, मोटर १२०ची

पॉकेट होलची इलेक्ट्रिक मशीन ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवायच्या आधी एवढं वाचा. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि आम्ही फसलो तोच जाहिरातीचा व्हिडिओ टाकून तीच मशीन वेगवेगळ्या नावांनी विकणारे अजून दिसतातच.

आमचं काम वॉर्डरोब आणि किचन कॅबिनेटचं. बहुतेक १८ एमएमचा प्लाय, वर सनमायका, दरवाजांना रबरवूडच्या फ्रेमा. पॉकेट होल म्हणजे फळीच्या मागच्या अंगाने साधारण १५ अंशांत पाडलेलं तिरपं भोक. स्क्रू त्यातून शेजारच्या फळीत जातो आणि पुढून काही दिसत नाही. हाताच्या जिगवर, म्हणजे ड्रिल ठरलेल्या कोनात धरणाऱ्या साच्यावर, हे छान होतं, पण मोठी ऑर्डर आली की क्लॅम्प आवळा, ड्रिल मारा, भुसा झटका, क्लॅम्प सोडा, यातच मिस्त्रींचा दिवस निघून जातो. पॉवरच्या मशीनवर फळी टेबलावर ठेवून हॅण्डल ओढायचं. त्या एका ओढीत फळी दाबलीही जाते आणि खालून बिट, म्हणजे ड्रिलची दांडी, वर येऊन भोकही पाडतो. अमेरिकेतल्या क्रेग कंपनीची फोरमन ही या प्रकारातली सगळ्यांना माहीत असलेली मशीन.

आम्ही पाहिलेल्या जाहिरातीतला व्हिडिओ अशाच एका परदेशी मशीनचा होता, नाव पुसून लावलेला. खाली लिहिलेलं: २३० व्होल्ट, इंडियन मॉडेल, एक वर्ष वॉरंटी, २१,५०० रुपये. फोनवरचा माणूस फारच गोड बोलायचा. "सर, जड माल आहे, सीओडी नाही होत. फुल पेमेंट केलं की आजच डिस्पॅच." क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुणा व्यक्तीचं, दुकानाचं नव्हे. विचारलं तर म्हणे, मालकांचं खातं आहे.

खोकं आलं. चांगलं वजनदार. मशीन जोडली, प्लग लावला, सुरू झाली. या लोकांची सगळी हुशारी इथे आहे. खोक्यात विटा निघाल्या असत्या तर पोलिसांनी लगेच लिहून घेतलं असतं. इथे माल येतो, तो फिरतोही, त्यामुळे फसवणूक झाली हे समजावून सांगता सांगता आपलाच घसा सुकतो.

आवाज मात्र रिकामा मिक्सर फुल्ल स्पीडवर टाकल्यासारखा. मिस्त्री म्हणाले, "दादा, ही लई पळतीया." पहिली भोकं झरझर पडली. मग मोटरच्या जाळीतून कार्बनच्या निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या, पाठोपाठ तो ओळखीचा वास, वाइंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याचं, वॉर्निश जळाल्याचा. प्लग ओढेपर्यंत धूर.

मोटरवर चंदेरी स्टिकर होतं: २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. गरम झाल्यामुळे त्याचा एक कोपरा उचलला गेला होता. नखाने सोलला तर खाली मूळ प्लेट, पत्र्यात ठोकलेली: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली मोटर. कार्बन ब्रशची मोटर आपल्या २३०वर चालू होते, नाही असं नाही, उलट जोरात पळते. पण जवळजवळ दुप्पट व्होल्टेज मिळाल्यावर करंट वाढतो आणि कॉइल जळते. ज्याने स्टिकर चिकटवलं त्याला हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

कोनही चुकलेला निघाला. पडलेल्या भोकांत बिट ठेवून मोजलं तर २० अंशांच्या वर. एवढ्या तिरक्या भोकातून ३२ एमएमचा स्क्रू मारला की त्याचं टोक पुढच्या अंगाला येतं. आमच्या एका नमुन्यावर सनमायक्याला आतून चक्क फोड आली. मोटर चांगली असती तरी मशीन कामाची नव्हतीच.

फोन केला. आधी म्हणाला, "सर, तुमच्याकडे व्होल्टेज जास्त येत असेल, स्टॅबिलायझर लावा." प्लेटचा फोटो पाठवला, तर "स्टिकर तुम्ही काढलंय, वॉरंटी गेली." त्यानंतर ब्लॉक.

पीडीएफ बिल अकाउंटंटला दाखवलं. पत्ता भिवंडीचा आणि जीएसटी नंबर ०७ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ने सुरू होतो, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत, तेव्हा बिलाचा नमुना आणि नंबर पेमेंटच्या आधीच मागा.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, माल मिळाला का? मिळाला म्हटल्यावर ग्राहक तक्रारीचा रस्ता दाखवला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि शेवटी ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची. एक मेख मात्र छोट्या कारखानदारांनी लक्षात ठेवावी. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर समोरचा 'हे ग्राहकच नाहीत' म्हणतो. २०१९च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे, पण ते अर्जात स्पष्ट लिहावं लागतं. आमच्या वकिलांनी तो परिच्छेद मुद्दाम वर घेतला.

आता कुणी मशीन दाखवली की मी मूळ प्लेटचा व्हिडिओ मागतो, स्टिकरवर नख फिरवून दाखवा म्हणतो. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशाचा माल आणि एमआरपी छापलेली असावी लागते. माझ्या खोक्यावर यातलं काहीच नव्हतं. या मशीनला लागतो तो पायरीचा बिट, पुढे बारीक आणि मागे जाड, सुटा मिळेल का, हेही विचारतो, कारण बिट झिजला आणि दुसरा मिळाला नाही तर मशीन भंगारातच. स्क्रूही बघून घ्या. याला डोक्याखाली सपाट वॉशर असलेला स्क्रू लागतो. आपला नेहमीचा निमुळत्या डोक्याचा चिपबोर्ड स्क्रू पाचरीसारखा घुसून प्लाय फाडतो.

दिवसाला दहा-वीस भोकं पाडणाऱ्याला तर या मशीनची गरजच नाही, हाताचा जिग आणि बरी ड्रिल पुरते. आणि कुणाकडे असलं स्टिकरवालं धूड आलंच असेल, तर दुरुस्तीला नेऊ नका. स्टिकर सोलतानाचा व्हिडिओ काढा, खोकं आणि कुरिअरची पावती जपून ठेवा. आयोगात आमच्याकडे दाखवायला मुख्य तेवढंच आहे.