१२८ जीबीचं मेमरी कार्ड निघालं साडेसात जीबीचं, अन् वरून बोर्ड रिपेअरचे १८०० घेतले

मित्रहो, थोडं लांब लिहून राहिलो पण पूर्ण वाचा, कारण आपल्या वरुड-मोर्शीकडे आता बरेच पोरं बगीच्यात सेन्सर लावून राहिले, शाळेत मास्तर लोक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा, मेमरी कार्डावर चालणारा कॉम्प्युटर) घेऊन राहिले, अन् ज्या दुकानातून मी फसलो तिथं तोच डबा अजूनही काउंटरवर ठेवलेला आहे.

आमचा संत्र्याचा बगीचा आहे, अंबिया बहार घेतो आम्ही. अंबियाचं सगळं ताणावर असते हे इथल्या कास्तकाराला सांगायची गरज नाही, डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल पडली की कधी ताण तोडायचा ते बरोबर पाहायचं, चार दिवस इकडे तिकडे झाले तर फूट मिळते पण फूल मिळत नाही. म्हणून मी चार झाडांच्या बुडाशी मातीच्या ओलीचे सेन्सर गाडले, ते वायफायनं घरातल्या पायला आकडे पाठवतात अन् पायवर इन्फ्लक्स (आकडे साठवणारा डेटाबेस) अन् ग्राफाना (आकड्यांची रेघ काढणारा प्रोग्राम) चालते, बाबांना मोबाईलवर सरळ रेघ दिसते की ओल किती उतरली. पाय जुना, थ्री बी मॉडेल, रॅम फक्त १ जीबी. जुनं १६ जीबीचं कार्ड भरत आलं होतं म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या एका मोबाईल दुकानातून १२८ जीबीचं घेतलं, ५५० रुपयाला. नावाजलेल्या कंपनीचं छापील पाकीट, होलोग्राम, दहा वर्षाची वॉरंटी लिहिलेली. बिल मागितलं तर म्हणे "बिल काय करता भाऊ, मी इथंच बसलो न." फोन-पेनं पैसे दिले अन् आलो.

कार्डावर इमेज (पायची पूर्ण सिस्टीम) टाकली, ती टाकणाऱ्या इमेजर प्रोग्रामनं व्हेरिफाय पण ओके दाखवलं, पहिल्या बूटला पार्टिशन आपोआप कार्डभर फुललं अन् डीएफ (जागा किती ते दाखवणारी कमांड) मारलं तर ११७ जीबीच्या आसपास दिसले, म्हणजे १२८ च्या खऱ्या कार्डात जेवढे दिसायला पाहिजे तेवढेच. मग शंका कशाची घ्यायची? व्हेरिफायचा मुद्दा नंतर डोक्यात आला, इमेज चार-पाच जीबीची, तेवढी जागा कार्डात खरोखर होती, त्याच्यापुढचं कोणी तपासलंच नाही.

आठ-दहा दिवस चाललं. मग एका सकाळी बाबा म्हणाले "अरे, रेघ कालपासून हालूनच नाही राहिली." पाहिलं तर इन्फ्लक्स बंद, डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदीत) आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस. मला वाटलं रॅम कमी पडली, सिस्टीमच्या त्या वर्जनमध्ये स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची कार्डावरची जागा) फक्त १०० एमबी असते अन् ती पूर्ण भरलेली होती. म्हणून सेटिंगच्या फाइलीत स्वॅपसाइज १०० चं १०२४ केलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, फ्री कमांडमध्ये १ जीबी स्वॅप दिसली. माझा जीव भांड्यात पडला. पण इथूनच खरं बिघडत गेलं. कधी पायथनचा प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टनं (मेमरीच्या एररनं) मरे, कधी ग्राफाना आपोआप पडे, अन् दोन दिवसांनी लाइट गेली, परत आली, पाय चालू झाला तर स्वॅप शून्य. डीमेसेजमध्ये एक ओळ: अनएबल टू फाइंड स्वॅप-स्पेस सिग्नेचर (स्वॅपची ओळखखूण सापडत नाही). म्हणजे जी स्वॅप फाइल मीच बनवली, वापरली, ती आता स्वॅपच नाही म्हणते. त्याच्या खाली ईएक्सटी-फोरचे (कार्डावर फाइली मांडायच्या पद्धतीचे) एरर, अन् शेवटी सगळी फाइल सिस्टीम रीड-ओन्ली, काही लिहिताच येईना.

सरळ दुकानात गेलो. तो म्हणे, "१२८ दिसून राह्यले न जी? मंग कार्ड तं चांगलं हाय. तुमच्या बोर्डाचा रॅम गेला असंल, लाइटीच्या झटक्यानं होते असं." ऐकायला पटते, कारण आपल्याकडे लाइटीचं काय आहे ते आपल्याला माहीत आहे, अन् मेमरीचेच एरर येऊन राहिले होते. त्यानंच एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे धाडलं. रिपेअरवाल्यानं बोर्ड उलटा केला, खालच्या काळ्या चिपवर बोट ठेवलं अन् म्हणाला रॅमचा आयसी ढिल्ला झाला, रिबॉलिंग करा लागते, १८०० लागतील, कार्ड पण ठेवून जा टेस्टिंगला. ठेवून आलो. चौथ्या दिवशी बोर्ड चालू मिळाला, त्याच्या समोर बूट करून पाहिला, मस्त चालला. घरी आणला, स्वॅप पुन्हा १ जीबी केली, पाच दिवस चालला अन् सहाव्या दिवशी पुन्हा तेच, तीच सिग्नेचरची ओळ.

त्या रात्री मी बोर्ड भिंगाखाली घेतला. रिबॉलिंग म्हणजे चिप गरम हवेनं उपटून, खालचे कथलाचे गोळे नवीन लावून परत बसवणं. तिथं फ्लक्सचा डाग पाहिजे, बाजूचे बारीक पार्ट थोडे तरी तापलेले दिसले पाहिजे. माझ्या बोर्डवर त्या चिपच्या चारही बाजूला आमच्या घरातलीच काळ्या मातीची धूळ जशीच्या तशी चिकटलेली होती, एका कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्याचा धागा पण होता अन् तो पण तुटलेला नव्हता. बोर्डला हातच लावला नव्हता त्यानं. फक्त कार्ड फॉरमॅट करून नवीन इमेज टाकली, म्हणून चार-पाच दिवस चाललं. १८०० रुपये त्याचे घेतले. मला इतका संताप आला की झोप नाही लागली, पैशाचं तर आहेच पण आमच्या ताणाचे नेमके दिवस त्यात गेले.

मग कार्डावरच शंका घेतली. कार्ड लॅपटॉपला लावून स्वॅप फाइलीचे पहिले ४०९६ बाइट हेक्सडम्पनं (फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या कमांडनं) पाहिले. खऱ्या स्वॅपमध्ये त्या पानाच्या अगदी शेवटी 'स्वॅपस्पेस२' असं लिहिलेलं असते, त्यालाच सिग्नेचर म्हणतात. माझ्यात पूर्ण शून्य. एकसारखे शून्य, एक अक्षर नाही. फाइल बनवताना ते लिहिलं गेलं, पण ते रॅमच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या जागेत) होतं तोवरच दिसत होतं, कार्डावर उतरायला तिथं चिपच नव्हती, अन् लाइट गेली की कॅश गेली. सेगमेंटेशन फॉल्टचं पण तेच, प्रोग्रामची मेमरी स्वॅपमध्ये गेली, परत वाचली तर शून्य, मग तो मरणार नाही तर काय करणार.

पक्कं करायला एफ-थ्री (कार्डाची खरी जागा तपासणारा प्रोग्राम) टाकलं, उबंटूमध्ये एप्टनं सरळ येते. एफ-थ्री-राइटनं रात्रभर एकेक जीबीच्या फाइली भरल्या, सकाळी एफ-थ्री-रीड चालवलं तर साडेसात जीबीच्या आसपास डेटा ओके अन् बाकी एकशे दहाच्या आसपास डेटा लॉस्ट. नंतर एफ-थ्री-प्रोब पण चालवलं, त्यानं सरळ 'काउंटरफिट' म्हणून लिहून दिलं. म्हणजे आठ जीबीची चिप, अन् कार्डाच्या कंट्रोलरच्या आत आकडा बदलून १२८ सांगायला लावलेलं. त्याच्यापुढे काही लिहा, कार्ड 'झालं' म्हणते अन् फेकून देते, एररसुद्धा देत नाही. अन् असं नका समजू की पाच जीबीच भरले तर वाचलो, ईएक्सटी-फोर एका टोकापासून ओळीनं भरत नाही, फाइली पूर्ण पार्टिशनभर पसरवते, म्हणून कार्ड रिकामं दिसत असतानाच माझी स्वॅप अन् इन्फ्लक्सचा डेटा त्या नसलेल्या जागेत गेले.

हे पण सांगतो, प्रत्येक वेळी कार्डच नकली असते असं नाही. लॉग साचून जागा भरली तरी असेच एरर येतात, डीएफ पाहा, जागा दिसूनही 'नो स्पेस' म्हणत असेल तर डीएफ आय लावून आयनोड (प्रत्येक फाइलीची एक नोंद) संपले का पाहा. चार्जर कमजोर असला तर डीमेसेजमध्ये अंडर-व्होल्टेज येते. खरं कार्ड पण सतत स्वॅप मारली की घासते, म्हणून कमी रॅमच्या बोर्डला कार्डावर मोठी स्वॅप देण्यापेक्षा झेडरॅम (रॅममध्येच डेटा दाबून ठेवणारी स्वॅप) बरं, मी आता तेच लावलं. पण कुणाला बोर्ड रिपेअरचा एक रुपया देण्याआधी दुसरं खात्रीचं कार्ड टाकून दोन दिवस चालवून पाहा, एवढंच मी केलं असतं तर १८०० वाचले असते. अन् रिपेअरला द्यायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूचे फोटो जवळून काढा अन् कार्ड स्वतःजवळ ठेवा.

नवीन कार्ड घेतलं की त्यात काही टाकण्याआधी पूर्ण भरून परत वाचून पाहा, विंडोज असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आहे, फुकट आहे, रात्री लावून द्या. एफ-थ्री-प्रोब लवकर होते पण डेटा असलेल्या कार्डावर ते नका चालवू. अन् पक्कं बिल घ्या, त्याच्यावर कंपनी, जीबी, तारीख लिहून घ्या. माझ्याजवळ फोन-पेची नोंद होती, पण त्यात फक्त ५५० गेले एवढं दिसते, काय घेतलं ते कुठं दिसते? तरी मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, रिपोर्टचे फोटो जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, ते पण करायची तयारी आहे.

लॅपटॉप घेऊन दुकानात परत गेलो होतो. रिपोर्ट दाखवला तर म्हणे "हे तुमचं सॉफ्टवेअर काहीही दाखवते." वाद नको म्हणून दुसरं कार्ड त्याच डब्यातून काढून दिलं. मी तिथंच काउंटरवर एफ-थ्री-प्रोब लावलं, ते पण काउंटरफिट निघालं. मग ५५० परत दिले, गुपचूप. बाजूला एक काकाजी नातवाच्या टॅबसाठी तेच कार्ड घेऊन उभे होते, त्यांना सांगितलं, "काकाजी, नका घेऊ," तर दुकानदार माझ्याकडे असा पाहत राहिला. रिपेअरवाला तर माझा फोनच उचलत नाही.

डिसेंबरच्या शेवटापासून पूर्ण जानेवारीचे आकडे गेले, एक पण वाचवता आला नाही. ताण बाबांनी जुन्या पद्धतीनंच तोडला, बुडाशी हातभर खोदून माती मुठीत दाबायची, मूठ उघडली की ढेकूळ फुटते का पाहायचं, रोज सकाळी चारही झाडांपाशी. तीन वर्षाच्या तिन्ही रेघा शेजारी ठेवून पाहायच्या होत्या, यंदाची रेघ मधून कोरी आहे.

आपल्या भागात कुणी अशात कार्ड घेतलं असेल, शाळेचं असो की घरचं, तर रविवारी आमच्याकडे घेऊन या, डेटा आधी काढून ठेवा, लॅपटॉप चालूच असतो, तपासून देतो. पैसे लागत नाही.