नाशिकची कला बघायला दोन दिवस: गोदाकाठ की गंगापूर रोड?

पुण्या-मुंबईकडचं कुणी नाशिकला निघालं की यादीत बहुधा दोनच गोष्टी असतात, त्र्यंबकेश्वर आणि वायनरी. पण नाटक, चित्रं, कविता, गाणं आणि जुन्या वास्तू यांच्यासाठी म्हणून कुणी येणार असेल, तर पहिला प्रश्न पडतो तो उतरायचं कुठं हा. या बाबतीत शहराचे सरळ दोन भाग पडतात. एक जुनं नाशिक आणि पंचवटी, म्हणजे गोदेचे दोन्ही काठ. दुसरा गंगापूर रोड आणि कॉलेज रोडचा पट्टा. शिवाय वेशीबाहेर पांडवलेणी, सिन्नर, येवला आहेतच. शनिवार-रविवारात हे सगळं नीट होत नाही, काहीतरी सोडावं लागतं. माझा कौल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा येत असाल तर मुक्काम गोदाकाठच्या बाजूला करा, एक संध्याकाळ गंगापूर रोडला द्या आणि बाहेरचं एकच ठिकाण निवडा.

आधी कॅलेंडर बघा

नाशिकला भलंमोठं कलासंग्रहालय नाही, की कधीही गेलं आणि तिकीट काढून आत शिरलं. इथली कला तिथीवर चालते, त्यामुळे कुठं राहायचं हे बरंचसं तुम्ही कधी येताय यावर ठरतं.

फाल्गुन-चैत्रात येणार असाल तर दुसरा विचारच करू नका, जुनं नाशिक गाठा. इथं रंग खेळतात तो रंगपंचमीला, आणि खेळतात रहाडीत. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला पेशवेकालीन हौद. वर्षभर तो झाकलेला असतो, वरून रिक्षा-दुचाक्या जातात, आणि नवख्या माणसाला आपण कशावर उभे आहोत याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमीच्या तोंडावर तो उघडतात, साफ करतात, रंग तयार करून भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. आधी पूजा, मग मानाची उडी आणि मग सगळ्यांचे धप्पे, म्हणजे हौदात धपकन मारलेल्या उड्या. धप्पा मारणाऱ्याचा पाय काठावरून सुटला की चहूबाजूंनी रंगाची भिंत उठते आणि काठावरचे सगळे भिजतात. शनी चौक, तिवंधा, जुनी तांबट लेन या भागांत हे बघायला मिळतं. मोबाइल आणि चष्मा मात्र खोलीवर ठेवून या.

चैत्रातल्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला आजही उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात होते, आणि उन्हानं तापलेलं शहर जेवणं उरकून तिथं येऊन बसतं. दिवाळीच्या पाडव्याला पहाटे पिंपळपारावर गाणं असतं. हे सगळं जुन्या गावात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला येणार असाल तर पारडं दुसरीकडे झुकतं. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच मराठी भाषा गौरव दिन. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार त्या दिवशी एक वर्षाआड दिला जातो. 1991 मध्ये पहिला पुरस्कार विजय तेंडुलकरांना मिळाला. मधल्या वर्षी 10 मार्चला, तात्यासाहेबांच्या म्हणजे कुसुमाग्रजांच्याच स्मृतिदिनी, प्रतिष्ठानचा गोदावरी गौरव पुरस्कार सोहळा असतो. त्या दिवसांत लेखक-कलावंत गावात असतात, आणि गंगापूर रोडला उतरणं सोयीचं पडतं.

2027 मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वणीच्या महिन्यांत घाटावर कलेच्या नजरेनं निवांत काही बघणं अवघड. सिंहस्थ बघायचाच असेल तर तो स्वतंत्र प्रवास समजून आखा.

गोदाकाठ: पहाटे आणि पायी

घाट बघायचा तो सहा-साडेसहाला. नाशिकला जलरंगाची मोठी परंपरा आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी इथला घाट, देवळं, बाजार आयुष्यभर रंगवले, आणि आजही सकाळी पायऱ्यांवर बोर्ड मांडून बसलेली चित्रकलेची पोरं दिसतात. त्यांच्या मागं जरा लांब, गुपचूप उभं राहावं. आधी ओल्या कागदावर आभाळाचा फिकट हात फिरतो. मग देवळाच्या दगडाचा काळपट जांभळा येतो, आणि त्याची कड पाण्यात विरघळू दिली जाते. कागद वाळत आला की सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशनं, पायऱ्यांवरची माणसं उमटतात. आठ वाजले की ऊन सपाट होतं आणि सावल्या जातात. उशिरा आलेल्याला मग फक्त गर्दी दिसते.

काठावर एकाच वेळी दोन गोष्टी तुलना करून बघता येतात. नारोशंकराचं मंदिर 18 व्या शतकातलं, नक्षीनं भरलेलं. त्याची घंटा वसईच्या विजयाची आठवण सांगते. त्याउलट काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी त्याच शतकाच्या शेवटाकडे बांधलेलं, काळ्या दगडाचं, अवाढव्य आणि तरी संयमी. इथं घाई करू नका. शिखराकडे बघा, आणि महाद्वाराशीही थांबा. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच देवळाच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. वास्तूचं सौंदर्य आणि तिच्या दारात माणसांना सोसावा लागलेला अन्याय या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्याशिवाय हे मंदिर बघितलं असं मला वाटत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती वाटेतच भेटेल. पावसाळ्यात नाशिककर पुराचं माप त्याच्यावरूनच काढतात, पाणी गुडघ्याला लागलं की गळ्याशी, यावर अख्ख्या शहराचं बोलणं चालतं.

पूल ओलांडून सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा, मग भांडी बाजार, तांबट लेन. तांब्या-पितळेसाठी हा बाजार पूर्वीपासून नावाजलेला. यंत्रावर दाबून काढलेलं भांडं आणि हातानं ठोकलेलं भांडं शेजारी धरून बघा. हातच्या भांड्यावर हातोडीचे ठोके एका ओळीत फिरतात, पण हुबेहूब एकसारखे कधीच नसतात. घ्यायचं असेल तर तेच घ्या. वाडे झपाट्यानं पडत आहेत, हे बघून जीव तुटतो. जे उभे आहेत ते यंदाच बघून घ्यावेत.

गैरसोयीही सांगायला हव्यात. गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, सणाच्या दिवशी रस्ते बंद. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घाटाच्या पायऱ्या त्रासाच्या. त्यांच्यासाठी पंचवटीच्या बाजूनं रिक्षानं काळारामापर्यंत जाणं बरं.

गंगापूर रोड: संध्याकाळी आणि बसून

इथं बघण्यापेक्षा ऐकायला जायचं. कुसुमाग्रज स्मारक हे या भागाचं मुख्य ठिकाण. विशाखा सभागृहात आणि स्वगत हॉलमध्ये कवितावाचन, व्याख्यानं, गाण्याच्या मैफली, पुस्तक प्रकाशनं चालू असतात, आणि बऱ्याच कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो. स्थानिक वर्तमानपत्रात 'आज शहरात' अशा धर्तीचा रकाना बघून जा. आदल्या दिवशी मोठी जाहिरात लागेल अशी वाट बघू नका. कार्यक्रम संपल्यावर बाहेर घोळके उभे राहतात, नवख्या पाहुण्यालाही त्यात सामावून घेतात. नाशिककर बोलका आहे.

तात्यासाहेबांचं टिळकवाडीतलं घर मात्र स्मारकापेक्षा मला जवळचं वाटतं. ज्ञानपीठाचा मानकरी या शहरात किती साधेपणानं राहिला, ते तिथं कळतं. ज्या एचपीटी कॉलेजात ते शिकले, त्याच कॉलेजात वसंत कानेटकर इंग्रजी शिकवायचे. मराठी रंगभूमीचे दोन मोठे नाटककार एका गावात, एकाच काळात लिहीत होते.

वायनरीचं म्हणाल, तर सुला वायनरीचा सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव 2008 पासून झाला आणि उघड्या रंगमंचावरच्या संगीतानं बरीच तरुण मंडळी नाशिकला आली, हे खरं. द्राक्षबागेमागे सूर्यास्त सुंदर दिसतो. पण वेळ कमी असेल तर मी तो स्मारकातल्या एका मैफलीला देईन. वायनरीतली संध्याकाळ खर्चिक, आणि तिथं भेटणारे बहुतेक लोक तुमच्यासारखेच बाहेरून आलेले.

राहण्याच्या सोयी, गाडी लावायला जागा, खाण्याचे पर्याय यांत हा भाग निर्विवाद सरस. लहान मुलं आणि स्वतःची गाडी असेल तर इथं उतरून पहाटे घाटावर जाणं हा सुवर्णमध्य आहे. सकाळी रस्ता मोकळा असतो.

नाटक: कालिदास की साईखेडकर?

नाट्यगृहं शालिमारच्या परिसरात आहेत, दोन्ही भागांना सारखीच सोयीची. महाकवी कालिदास कलामंदिर हे महापालिकेचं, मोठं. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं शनिवार-रविवारी इथंच लागतात. पण तेच नाटक तुम्ही तुमच्या गावी बघू शकता. शेजारीच महात्मा फुले कलादालन आहे, तिथं स्थानिक चित्रकारांची प्रदर्शनं भरतात. नाटकाच्या तासभर आधी पोचून ते बघून घ्या.

परशुराम साईखेडकर नाट्यगृह हे सार्वजनिक वाचनालयाचं. वाचनालय 1840 चं, नाशिककरांच्या तोंडी 'सावाना'. रंगमंच लहान, पण पहिल्या रांगेपासून नटाचा श्वास ऐकू येतो. हौशी मंडळी, एकांकिका, बालनाट्यं यांचं हे घर. राज्य नाट्य स्पर्धेचं नाशिक हे केंद्र आहे. प्राथमिक फेरी चालू असेल तर अगदी नाममात्र तिकिटात दिवसभर नोकरी करून रात्री तालीम केलेल्या माणसांचं नाटक बघायला मिळतं. कधी फसतं, कधी अंगावर काटा आणतं. दोन्हीकडे प्रयोग असेल तर बाहेरच्या पाहुण्यानं साईखेडकर निवडावं, असं मी ठामपणे म्हणेन.

वेशीबाहेरचं एक

पांडवलेणी शहरालगत, मुंबई महामार्गावर. 24 लेणी, चढ वीसेक मिनिटांचा. बहुतेक जण 18 क्रमांकाच्या चैत्यगृहाचा फोटो काढून उतरतात. तुम्ही 3 आणि 10 क्रमांकांसमोर जास्त वेळ थांबा. तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव करणारा. दहाव्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव म्हणून ठेवले, 2000 महिना शेकडा एक दरानं आणि 1000 पाऊण दरानं. त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागायचा. ते गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूरलगतचं गाव.

पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे. राजा हरिश्चंद्र 1913 मध्ये आल्यावर फाळक्यांनी आपलं काम नाशिकला हलवलं, आणि 1944 मध्ये इथंच त्यांचा शेवट झाला. या स्मारकाकडे उद्यान म्हणून जा. त्यांची चित्रपटकला समजून घेण्याची अपेक्षा ठेवलीत तर भूक भागणार नाही.

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर साधारण तीस किलोमीटरवर. यादवकाळातलं भूमिज शैलीचं पंचायतन, मधलं मोठं देऊळ आणि कोपऱ्यांत चार छोटी. शिल्पांची आवड असेल आणि चढ नको असेल तर पांडवलेण्यांऐवजी हे.

येवला दूर, ऐंशी किलोमीटरच्या पुढं, पूर्ण दिवस जातो. पैठणी घ्यायचीच असेल तर मात्र दुकानात जाण्याआधी हातमागावर बसलेल्या विणकराकडे जा. पदरावरचा मोर छोट्या छोट्या कांड्यांवरच्या वेगवेगळ्या रेशमातून बोटांनी विणला जातो. साडी घेताना पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मागच्या बाजूनंही नक्षी तशीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात.

रेल्वेनं येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे हे ध्यानात ठेवा. रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा सिटीलिंक या शहर बससेवेची बस बरी, ती शालिमारला सोडते, आणि तिथून साईखेडकर चालत जाता येतं.