सर्बो जीएक्सवर बोटीच्या टाक्यांची लेव्हल, एक सीझन वापरून झाल्यावर

मामाची बोट दिवाळे कोळीवाड्यात असते, बेलापूरच्या खाडीत. ३८ फुटी फायबर, आधी मासेमारीला जायची, आता गळ टाकायची हौस असलेले लोक आणि छोटे घरगुती ग्रुप घेऊन जाते. मी रबाळे एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, दिवसभर टाक्यांच्या लेव्हलच बघत असतो, आणि रविवारी बोटीवर गेलो की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, डिझेलच्या टाकीत बांबूची काठी घालून ओली किती झाली ते बोटाने मोजतो हे बघून खरंच जीव वरखाली व्हायचा, कारण मागे पाच-सात माणसं घेऊन बसायचंय आणि आपल्याला अंदाजानेच माहितीये की परत यायला पुरेल की नाही. त्यात आपली खाडी, उधाणाच्या ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की चॅनल सोडून जरा बाजूला गेलात की चिखलात बसलात, तिथे इंजिन बंद पडलं तर भरती येईपर्यंत कुणी जवळही येऊ शकत नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात, जून-जुलैत बोट वर ओढलेली होती तेव्हा व्हिक्ट्रॉन कंपनीचा सर्बो जीएक्स आणि त्याचा पाच इंची टच ५० स्क्रीन बसवला, आणि नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात गेली तेव्हापासून वापरतोय. तीन टाक्या जोडल्यात, डिझेल ३०० लिटर, गोडं पाणी १५० लिटर आणि संडासाची टाकी ६० लिटर.

सर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. छोटा राखाडी डबा आहे, बॅटरी, सोलर, चार्जर सगळ्यांची माहिती एका जागी गोळा करतो आणि स्क्रीनवर दाखवतो. ८ ते ७० व्होल्ट डीसी सप्लायवर चालतो म्हणजे १२ ची बोट असो की २४ ची, प्रश्न नाही. टाकीच्या सेन्सरसाठी त्यात चार इनपुट आहेत, पण ते रेझिस्टन्सवाल्या सेन्सरचे आहेत, म्हणजे फ्लोट (तरंगता गोळा) वरखाली होतो तसा ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचा आकडा, बदलतो तो जुना साधा प्रकार. डबा वॉटरप्रूफ नाही हे लक्षात ठेवा, आम्ही केबिनमध्ये वरच्या कपाटात लावलाय, इंजिनरूममध्ये अजिबात लावू नका. आणि इनपुट आधीपासून चालू नसतात, सेटिंगमध्ये जाऊन एकेक चालू करावे लागतात, वायर जोडून स्क्रीनकडे बघत बसलात तर काहीच येणार नाही.

आता खरा मुद्दा. स्क्रीनवर आकडा आणणं अर्ध्या तासाचं काम आहे. तो आकडा खरा करणं हे दोन रविवारचं काम आहे, आणि बहुतेक लोक ते करतच नाहीत.

पहिला फटका सेन्सरनेच दिला. मुंबईतल्या एका दुकानातून स्टीलच्या नळीचा फ्लोट सेन्सर आणला, पाकिटावर रेंज लिहिलेली नव्हती, दुकानदार म्हणाला सगळ्याला चालतो. मी मेनूमध्ये युरोपियन म्हणजे ० ते १८० ओहम निवडलं. डिझेल भरायला लागलो तर टाकी भरत जातेय आणि स्क्रीनवरचा आकडा उतरत जातोय, टाकी गच्च झाली तेव्हा स्क्रीनवर १७ टक्के. मीटर लावून बघितलं, भरलेल्या टाकीला ३० ओहम. म्हणजे सेन्सर अमेरिकन होता, त्यात उलटं असतं, रिकामं असताना २४० आणि भरल्यावर ३०. मेनूमध्ये तोही पर्याय आहे, आणि दोन्हीत न बसणारा सेन्सर असेल तर रिकाम्याचा आणि भरलेल्याचा ओहम स्वतः टाकता येतो, त्यामुळे सेन्सर फुकट गेला नाही. पण हेच उलटं समुद्रात घडलं असतं तर? डिझेल संपत आलंय आणि स्क्रीन भरल्यासारखा दाखवतोय. सेन्सर टाकीत घालायच्या आधी हातात धरून फ्लोट वरखाली करा आणि मल्टीमीटरने दोन्ही टोकं मोजा, पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट टाकीचा आकार. आमची डिझेलची टाकी बोटीच्या तळाच्या आकाराची आहे, खाली निमुळती वर रुंद. सेन्सर फक्त उंची मोजतो, त्याला लिटर कळत नाहीत. मी टाकी पूर्ण रिकामी केली आणि २० लिटरच्या कॅनने एकेक कॅन ओतत प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहिला. पाच कॅन गेले, म्हणजे १०० लिटर, तेव्हाच सेन्सर ५० टक्के म्हणाला. खरं तर तेव्हा टाकी ३३ टक्केच भरलेली! १५० लिटर आहे समजून निघालो असतो आणि ५० लिटर कमी, आमचं इंजिन आरामात चालवलं तरी तासाला १२ लिटर पितं म्हणजे चार तासांचा फरक. घारापुरीला जाऊन यायला चार तास लागतात का, तुम्हीच बघा.

सर्बोमध्ये यासाठी कस्टम शेप म्हणून सोय आहे, त्यात सेन्सरचे टक्के आणि खरे टक्के अशा जोड्या भरायच्या, जास्तीत जास्त १० पॉइंट. मी वहीतून आठ भरले, खालच्या भागात जवळजवळ आणि वर लांब लांब, कारण वर टाकी सरळ आहे तिथे चूक होत नाही. हे भरल्यावर पुढच्या तीन वेळा पंपावरच्या लिटरशी जुळवून बघितलं, सगळ्यात मोठा फरक ४ लिटरचा. माझ्यासाठी या एकाच सोयीने पैसे वसूल झाले. मामाने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आरं, आकडा खरा हाय का नुसता रंग दाखवतोय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, वही भरल्यावर होतं.

डॅशबोर्डवरचा काट्याचा जुना गेज असेल तर तो आणि सर्बो एकाच सेन्सरला जोडू नका हेही सांगून ठेवतो, गेज स्वतःचा करंट त्या सेन्सरमधून सोडतो त्यामुळे दोन्हीकडचं रीडिंग बिघडतं. मामाला काटा काढायचा नव्हता, तो म्हणाला स्क्रीन बंद पडला तर मी काय बघू, आणि त्याचं म्हणणं बरोबरच आहे. म्हणून जुना सेन्सर काट्यालाच ठेवला आणि टाकीच्या झाकणाच्या प्लेटला नवीन होल पाडून दुसरा बसवला. दोन वेगळी रीडिंग असली की एक चुकलं तर लगेच लक्षात येतं.

लाटेवर आकडा नाचतो, मोठं जहाज बाजूने गेलं की डिझेल पाच-सहा टक्के इकडे तिकडे व्हायचं. त्यासाठी किती सेकंदांची सरासरी घ्यायची ते सेट करता येतं, मी ६० ठेवलंय, आता शांत आहे. अलार्मही त्याच मेनूत आहेत. डिझेलला २५ टक्क्यांवर वाजतो आणि ३० च्या वर गेलं की बंद होतो, मध्ये एक मिनिट थांबायला सांगितलंय म्हणजे एका लाटेने उगाच बोंब होत नाही.

संडासाच्या टाकीबद्दल लोक बोलायला लाजतात पण मला ती डिझेलइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्या वाशीच्या पुलापलीकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि भरतीच्या पाण्याबरोबर इथली घाण तिकडेच जाते. टाकी भरली हे कळलंच नाही की कुणीतरी गुपचूप व्हॉल्व्ह उघडतो, हे प्रत्येक बंदरावर चालतं. त्या टाकीत आधी फ्लोटच लावला होता, महिन्याभरात तो घाणीने अडकून ६० टक्क्यांवर बसला तो बसलाच. मग काढून टाकला आणि प्रेशरवाला ४-२० मिलीअँपचा ट्रान्समीटर लावला (तो दाबावरून लेव्हल ओळखतो आणि ओहमऐवजी करंटने सांगतो), आमच्या प्लांटमध्ये रोज हेच वापरतो. पण तो सर्बोच्या चार इनपुटवर थेट चालत नाही, त्यासाठी व्हिक्ट्रॉनचा जीएक्स टँक १४० नावाचा वेगळा डबा घ्यावा लागतो, तो यूएसबीने सर्बोला जोडतात. खर्च वाढला, तक्रार नाही, ८० टक्क्यांना अलार्म आहे आणि तो वाजला की टाकी बंदरावर येऊनच रिकामी करायची असं आता ठरलंय. तुम्ही घेणार असाल तर या टाकीत फ्लोट टाकण्याच्या भानगडीत पहिल्यापासून पडूच नका.

पाण्याच्या टाकीत सांगण्यासारखं काही नाही. सरळ चौकोनी टाकी, सेन्सर लावला, चालतोय.

प्लॉटरवरही, म्हणजे बोटीच्या नकाशाच्या स्क्रीनवरही, दिसतं, सर्बोच्या व्हीई.कॅन नावाच्या डेटा पोर्टवरून एनएमईए २००० ला, म्हणजे बोटीवरच्या उपकरणांच्या नेटवर्कला, केबल जाते आणि सेटिंगमध्ये आउटपुट चालू करावं लागतं. ज्यांच्याकडे डिझेलच्या दोन टाक्या आहेत त्यांनी दोघींना वेगळा इन्स्टन्स नंबर (टाकीचा ओळख क्रमांक) द्या, नाहीतर प्लॉटर गोंधळतो. मोबाईलवर बघायला व्हीआरएम म्हणून त्यांचं ॲप आहे, त्याला इंटरनेट लागतं, आम्ही जुन्या फोनचा हॉटस्पॉट ठेवतो आणि मामाचा मुलगा नेरुळला घरी बसून बघतो की उद्या सकाळी डिझेल भरायचंय का. बोटीवरच्या स्क्रीनला इंटरनेट लागत नाही, लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं म्हणून लिहिलं.

वायरिंगमध्ये कंजूषी करू नका. आपल्या खारट हवेत साधी तांब्याची वायर वर्षात हिरवी पडते, जोडाचा रेझिस्टन्स वाढतो आणि या सेन्सरमध्ये रेझिस्टन्स म्हणजेच रीडिंग, दोन-चार ओहम वाढले तरी आकडा सरकतो. कथिल चढवलेली वायर, नीट क्रिंप केलेले लग आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक एवढं तरी वापराच.

कुणी घ्यावं? बोटीवर लिथियम बॅटरी, सोलर, दोन-तीन टाक्या असतील आणि सगळं एका जागी हवं असेल तर डोळे झाकून घ्या. फक्त एक डिझेलची टाकी बघायची असेल तर एवढा खर्च करू नका, चांगला काट्याचा गेज आणि लिटरच्या खुणा केलेली काठी पुरते, पण त्या खुणाही कॅनने मोजूनच करा. आणि मोजायला टाकी पूर्ण रिकामी असायला लागते, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात बोट वर घ्याल तेव्हा २० लिटरचा एक कॅन आणि एक वही बाजूला काढून ठेवा, अर्ध्या टाकीपासून सुरू केलेलं माप उपयोगाचं नसतं.