घरच्या सर्व्हरसाठी बिझनेस लाइन: नऊ महिन्यांनंतर

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी माझे दोन सर्व्हर चालतात. एक जुना डेस्कटॉप, एक मिनी पीसी. त्यांवर अकरा गिऱ्हाइकांच्या वेबसाइट: द्राक्षवाले, एक नर्सरी, दोन क्लासेस, बाकी किरकोळ.

इंटरनेटची बिझनेस लाइन घेतली ती स्टॅटिक आयपीसाठी, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतःच्या पत्त्यासाठी. घरगुती कनेक्शनवर राउटरमध्ये १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसायचा, म्हणजे सीजीनॅट. एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने सर्व्हरकडे वळवणं) करून उपयोग काय? नव्या लाइनवर स्वतःचा आयपी मिळाला, अपलोडही पूर्ण १०० एमबीपीएस. सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, अकरा साध्या साइटना रग्गड. वेगाबद्दल आजवर एकही तक्रार नाही.

पण 'बिझनेस' हा शब्द बिलावर असतो, खांबावर नाही. माझी आणि शेजाऱ्यांची वायर त्याच डबीतून येते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालीत, त्यात फेब्रुवारीत जेसीबीने फायबर तोडली. दुपारी अडीचला ओएनटीवर (फायबर घरात जिथे जोडतात त्या डब्यावर) लाल दिवा लागला तो रात्री साडेनऊला विझला. ऐन हंगामात. द्राक्षवाल्या काकांचा फोन आला, "अहो, साइट उघडंना! पार्टी समोर बसलीय माझ्या." करारात लाइन ९९.५ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलंय. ऐकायला भारी, पण ७२० तासांच्या महिन्यात साडेतीन तास बंद राहायची ती मुभाच. त्यापुढच्या वेळेपोटी बिलातून कमी झाले ते दोन वडापावाचे पैसे.

मग बॅकअपला दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. महिन्याभरात एका ट्रकने कोपऱ्यावरच्या वायरी ओढल्या आणि दोन्ही एकदम गेल्या. दोघांचाही खांब एकच, हे आधी बाल्कनीतून मान वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं.

विजेचं वेगळंच. दोन्ही मशीन आणि राउटर मिळून ६५ वॅट, महिन्याला सुमारे ४७ युनिट. ते झेपतं. पण इन्व्हर्टर साध्या मोडवर होता. लाइट गेली की पंख्याला काही कळायचं नाही, सर्व्हर मात्र रीस्टार्ट. अशाच एका झटक्यात नर्सरीचा डेटाबेस बिघडला; आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून अब्रू वाचली. मागचं बटण यूपीएस मोडवर टाकल्यापासून एकदाही रीस्टार्ट नाही. फुकटातला इलाज, पाच महिने सुचला नाही.

मेल सर्व्हरचा नाद सोडला. मेल पाठवायला लागणारं पोर्ट २५ अर्ज करून उघडून घेतलं, रिव्हर्स डीएनएससाठी (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) तीन आठवडे फोन केले, तरी जीमेल माझी पत्रं स्पॅममध्येच टाकायचं. गिऱ्हाइकांचे मेल आता बाहेरच्या सेवेवर.

सध्याची मांडणी अशी: फायबर गेली की सिमकार्डचा राउटर चालू होतो. सिमवर पुन्हा सीजीनॅट, म्हणून मुंबईतला छोटा व्हीपीएस, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरचा आभासी सर्व्हर, भाड्याने घेतलाय. लोक त्याच्या पत्त्यावर येतात, तिथून वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षित बोगद्यातून आमच्या कोठीशेजारी. बोगदा घरून बाहेर जोडला जातो, त्यामुळे घरी कुठली लाइन आहे याने फरक पडत नाही.

"मग स्टॅटिक आयपीचे पैसे कशाला भरतोस?" धाकट्या भावाने विचारलं. बरोबर आहे त्याचं. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. पूर्ण अपलोडसाठी आणि फोन लगेच उचलतात म्हणून लाइन ठेवतोय, आयपी काढून टाकायला सांगितलाय.