ओतूर की जुन्नर? रतनगड-भीमाशंकर चालीत बाजार कुठे करावा

रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतून निघून भीमाशंकरपर्यंत घाटमाथ्याच्या कडेकडेनं चालायचं ठरलं, की पहिली चर्चा वाटेची होते आणि दुसरी, जास्त लांबणारी, शिध्याची. दहा दिवसांचं सगळं पाठीवर घेऊन निघता येतं, पण त्या ओझ्यानं चालण्यातला जीवच जातो. मध्ये कुठेतरी बाजार करावाच लागतो आणि त्यासाठी या वाटेवर दोन गावं खरी सोयीची: ओतूर आणि जुन्नर. पहिल्या खेपेला मी ओतूरला उतरलो, दुसऱ्या खेपेला जुन्नरला. दोन्ही वेळा डिसेंबर होता आणि दोन्ही वेळा आम्ही चौघं होतो, म्हणून तुलना बऱ्यापैकी रास्त ठरावी. तरी दोनच खेपांचा अनुभव आहे. दुसऱ्या कुणाला उलटं वाटलं तर मी वाद घालणार नाही.

वाट माहीत असलेल्यांसाठी फक्त हिशेब मांडतो. रतनगड, कात्राबाईची खिंड, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि टोलार खिंडीतून खिरेश्वर, इथवर आमच्या चालीनं चार दिवस. तिथून धरणाच्या कडेनं खुबी फाट्याला आलं की कल्याण-नगर रस्ता आडवा येतो. ओतूर याच रस्त्यावर. रस्ता ओलांडून निमगिरीच्या बाजूनं पुढे गेलं की सहाव्या दिवशी जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं घाटघर. भंडारदऱ्याकडेही एक घाटघर आहे, त्यामुळे घरच्यांना ठावठिकाणा सांगताना ‘जुन्नरचं घाटघर’ असं आवर्जून सांगा. आमच्यातल्या एकाच्या वडिलांनी नकाशात भलतंच गाव शोधून दोन दिवस काळजी केली होती. घाटघरहून जुन्नरला गाडी आहे. मग ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि भीमाशंकर, हे शेवटचे चार दिवस.

म्हणजे ओतूर धरलं तर घरून चार दिवसांचा शिधा न्यायचा आणि बाजारात सहा दिवसांचा भरायचा. जुन्नर धरलं तर उलट. तांदूळ, डाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, दुधाची पावडर असा कोरडा माल माणशी रोजचा साधारण सहाशे ग्रॅम होतो. जुन्नरवाल्यानं कात्राबाईची खिंड सव्वा किलो जास्त घेऊन चढायची. हा मुद्दा ओतूरच्या बाजूचा आहे आणि तो पाठीला चांगलाच कळतो. खिंडीच्या शेवटच्या चढावर दुसऱ्या खेपेला मला पहिल्या खेपेची आठवण दोन-तीनदा आली.

‘आता गावागावांत जेवण मिळतं, शिधा कशाला?’ असं कुणी विचारेल. पाचनईत, खिरेश्वरला मिळतं, छान मिळतं. पण ढाकोबापासून पुढे आहुप्यापर्यंत ट्रेकर तुलनेनं कमी. तिथे दिवेलागणीला चौघांनी एखाद्या दारात उभं राहून जेवण मागायचं, हे मला बरं वाटत नाही. आम्ही आमचे तांदूळ-डाळ त्या घरच्या बाईंच्या हाती देतो, त्यांच्याच चुलीवर सगळ्यांचं होतं आणि वर पैसेही देतो. त्यासाठी पिशवीत काहीतरी असावं लागतं.

आता ओतूर. खरं सांगायचं तर बाजार म्हणून ओतूरला नाव ठेवायला जागा नाही. कांद्याची मोठी बाजारपेठ, किराणा हवा तेवढा आणि स्टँडपासून सगळं चालत पाच-सात मिनिटांत. खिरेश्वरहून सकाळी लवकर निघालो तर अकराच्या आत आपण बाजारात असतो. कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. आमच्यातला एक जण तुकाराम महाराजांच्या गुरूंचं स्थान म्हणून तिथे जाऊन बसला आणि त्याला उठवावंसं आम्हाला वाटेना.

ओतूरच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट माझ्यापुरती वेगळीच आहे. टोलार खिंड उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता. खुबीपर्यंत मी तो दोरीनं बांधून आणला. ओतूरला रस्त्याच्या कडेला छत्रीखाली बसलेल्या चांभारकाकांनी बूट हातात घेतला, तळ दोन बोटांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, ‘चिकटवला तर दोन दिवस टिकंल. कुठवर जायचंय?’ मी भीमाशंकर म्हटलं. मग त्यांनी आरीनं कडेकडेनं भोकं पाडली, दोरा मेणातून ओढून घेतला आणि पूर्ण गोल दुहेरी टाके घातले. चाळीस मिनिटं लागली. टाके तळाच्या खाचेत इतके खोल बसवले होते की दगडावर घासूनही एकही तुटला नाही. चार दिवसांनी बाजार असल्याचा हा फायदा. चपला-बुटांची, पट्ट्यांची, बंदांची काय मोडतोड व्हायची ती हरिश्चंद्रगड उतरेपर्यंत झालेली असते आणि ती तिथल्या तिथे दुरुस्त होते. जुन्नरपर्यंत थांबायचं म्हणजे अजून दोन दिवस दोरीवर काढायचे.

इतकं असूनही मी ओतूर सोडलं, ते परतीच्या त्या संध्याकाळमुळे.

एक वाजता आमचा बाजार उरकला. मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी असं पोटभर जेवण झालं. दोन वाजता रस्त्यावर उभे राहिलो. खुबी फाटा काही लांब नाही, गाडी मिळाली तर अर्ध्या-पाऊण तासात माणूस पोचतो. पण लांब पल्ल्याच्या गाड्या भरून येत होत्या आणि मधल्या फाट्यावर उतरणाऱ्या, पाठीवर एवढाल्या सॅका असलेल्या चौघांना घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि त्यात कुणाची चूकही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण गुडघ्यांमध्ये बटाट्यांची पिशवी धरून, मांडीवर कोथिंबीर घेऊन मी त्या जीपमध्ये दीड तास बसून होतो. माणसं येत होती, एखादा उठून चहाला जात होता, परत मोजणी होत होती. कोथिंबीर डोळ्यांदेखत मान टाकत होती. चार दिवस मी फक्त माझ्या पायांच्या हिशेबानं वागलो होतो. सूर्य कुठे आहे, पाणी किती अंतरावर आहे, एवढंच पाहायचं. आणि आता तीन माणसं यायची बाकी आहेत म्हणून मी जागचा हलू शकत नव्हतो. चाल तुटल्याचं दुःख मला त्या दीड तासात झालं, तेवढं आख्ख्या वाटेवर कधी झालं नाही.

उतरलो तेव्हा अंधारलं होतं. पुढच्या मुक्कामाला पोचायची वेळ गेली होती. भरलेल्या सॅका घेऊन डांबरी रस्त्याच्या कडेनं, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या उजेडात डोळे दिपत, आम्ही जागा शोधत चाललो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक जण म्हणाला की काल कल्याणची गाडी समोर थांबली असती, तर तो त्यात चढला असता. मीही चढलो असतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

कदाचित आमचं नशीब त्या दिवशी वाईट असेल. वेगळ्या वारी, वेगळ्या वेळेला लगेच गाडी मिळतही असेल. पण रहदारीच्या रस्त्यावरून बाजाराला जायचं म्हणजे हा धोका कायम डोक्यावर राहतो, असं माझं मत झालं.

जुन्नरच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट उलटी आहे. घाटघरहून सकाळी गाडी निघते तेव्हा निम्मं गाव त्यात असतं. कुणी दवाखान्यात, कुणी तहसीलला, कुणी बाजाराला. तुम्ही त्यांच्यातलेच एक होऊन जाता. जाताना चावंड किल्ला दिसतो, पूर गावचं कुकडेश्वराचं देऊळ येतं, कुकडीचं पाणी बाजूला लागतं. आम्ही सॅका घाटघरला एका घरी ठेवल्या होत्या, फक्त एक रिकामी पिशवी आणि एक बाटली घेऊन गेलो. पाठीवर काही नसताना बाजार हिंडायचा, हे सुख ओतूरला नाही, कारण खुबी फाट्यावर सामान ठेवायला ओळखीचं घर नव्हतं.

परतीची गाडीही तीच माणसं घेऊन येते. ती माणसं संध्याकाळी परत येणार म्हणून तुम्हीही येणार, एवढा साधा भरवसा. शेजारी बसलेल्या आजींनी आमची पिशवी उघडून सरळ आत पाहिलं. तांदूळ, मसूर, पोहे, मिरच्या, लिंबं सगळं वरखाली केलं आणि विचारलं, ‘लसूण कुठंय रं?’ आम्ही विसरलो होतो. त्यांनी स्वतःच्या पिशवीतले दोन गड्डे काढून आमच्या पिशवीत टाकले आणि पैशांचं नाव काढल्यावर खिडकीबाहेर पाहत राहिल्या. पुढचे चारही दिवस आमटीला तो लसूण होता.

जुन्नरच्या उणिवाही सांगायला हव्यात. पूर्ण दिवस जातो, कारण दुपारी मध्ये गाडी मिळेलच असं नाही. हा मोकळा वेळ शिवनेरीवर घालवता येतो, पण पायांना त्या दिवशी विश्रांती हवी असते. आम्ही स्टँडजवळ बसून राहिलो आणि कपडे धुऊन वाळवले. पुण्याची गाडी समोर लागलेली असते आणि घरी जायचा मोह तिथेही होतोच. भरलेली पाठ घेऊन लगेच जीवधन आणि मग ढाकोबाचा चढ येतो, हेही खरं. आणि संध्याकाळची गाडी चुकली तर रात्र जुन्नरला काढावी लागेल. म्हणून वेळ कुठल्याही कागदावरून घेऊ नका. ती बदलत राहते, सकाळच्या गाडीच्या कंडक्टरलाच विचारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाणेघाटात गेलो. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांवरचा माल याच वाटेनं चढून जुन्नरला जायचा. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तिथेच आहे. त्याच्या काठावर हात ठेवून मी उभा होतो आणि पाठीवर जुन्नरच्या पेठेतले तांदूळ होते. शिधा कुठे भरावा याचा निर्णय असल्या गोष्टीवर घेऊ नये, हे मला कळतं. पण खोटं कशाला बोलू, तो क्षण माझ्या हिशेबात आहे.

तुमचा गट मोठा असेल, कल्याणहून कुणी मध्येच येऊन मिळणार असेल, किंवा खुबीहून येण्याजाण्याची गाडी आधीच ठरवलेली असेल, तर ओतूर घ्या. बुटांची खात्री नसेल तर नक्कीच ओतूर घ्या. बाकी सगळ्यांना मी जुन्नर सुचवीन, खिंडीतला तो सव्वा किलो धरूनसुद्धा. स्टोव्हचे गॅसचे डबे मात्र मला दोन्हीकडे मिळाले नाहीत, ते दहाही दिवसांचे घरूनच घ्या. घाटघरला सामान ठेवायचं घर निघायच्या आधी फोनवर ठरवून ठेवा. आणि लसूण यादीत लिहा.