एकच चाल, दोन कंठ: चिनी पॉपमधील गायिका आठ महिने ऐकल्यानंतर

गेले आठ महिने मी रोज तासभर चिनी पॉप संगीत ऐकत आले आहे, आणि त्यातही जवळजवळ फक्त गायिकांचे गाणे. हे ठरवून सुरू झालेले नव्हते. वाँग कार-वाय यांचा १९९४ सालचा 'चुंगकिंग एक्सप्रेस' हा हाँगकाँगचा चित्रपट पाहताना एका आयरिश बँडची माझ्या ओळखीची चाल अचानक कँटोनीज भाषेत ऐकू आली, आणि ती गाणारी स्त्री व पडद्यावर छोट्याशा उपाहारगृहात काम करणारी मुलगी या दोघी एकच आहेत हे मला नंतर समजले. त्या वांग फेइ. रोमन लिपीतील लेखनामुळे आपल्याकडे फेय वाँग. दुसऱ्याच दिवशी मी त्यांची आणखी गाणी शोधू लागले.

पहिले दोन महिने मात्र फारसे हाती लागले नाही. पैसे भरून घेतलेल्या गाण्यांच्या ॲपने तयार केलेल्या याद्या मी एकामागून एक ऐकत गेले आणि सगळ्या गायिका मला सारख्याच वाटू लागल्या: मंद पियानो, मागे व्हायोलिनचा समूह, आणि शेवटच्या कडव्यात वर जाणारा आवाज. शब्द कळत नाहीत तेव्हा कान आधाराला काहीतरी शोधतो, आणि यादीत तो आधारच नसतो. मग मी आपल्याकडची जुनी सवय वापरून पाहिली. एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकली की दोघेही नीट समजू लागतात. त्याच न्यायाने एकच चिनी गाणे दोन गायिकांच्या आवाजात शोधायचे, आणि आठवडाभर दुसरे काही ऐकायचे नाही. या पद्धतीने सहा महिने ऐकल्यानंतर माझे मत बनले आहे, आणि खालचा अनुभव मुख्यतः त्याच काळातला आहे.

पहिली जोडी अनायासे मिळाली. तेरेसा तेंग, म्हणजे देंग लीज्युन, यांचे चंद्रावरचे प्रेमगीत जगभरात त्यांच्या नावाने ओळखले जाते, पण १९७७ साली त्यांनी ते गाण्याआधी १९७३ मध्ये चेन फेनलान या गायिकेने ते ध्वनिमुद्रित केले होते. दोन्ही ऐकल्यावर तेंग काय करतात ते माझ्या लक्षात आले. त्या स्वर ढकलत नाहीत. ओळीच्या शेवटी श्वास हळूच सोडतात आणि त्या श्वासालाही सुराचा भाग करून टाकतात. त्यांचा जन्म १९५३ साली तैवानमध्ये, चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या एका सैनिकाच्या घरी झाला, आणि बालपणीच हुआंगमेइ या लोकनाट्यप्रकारातील गाणे गाऊन त्यांनी स्पर्धा जिंकली होती. लोकनाट्याची ती तालीम त्यांच्या शब्दोच्चारात शेवटपर्यंत टिकली असावी असे मला वाटते, कारण प्रत्येक अक्षर सुटे आणि स्वच्छ ऐकू येते आणि तरीही ओळ कुठे तुटत नाही.

त्यांच्या गाण्यांमध्ये मी सर्वाधिक वेळ घालवला तो १९८३ सालच्या 'दानदान योउछिंग' या अल्बममध्ये. त्यात बारा जुन्या चिनी कवितांना नव्या चाली दिल्या आहेत. या कविता 'त्स' नावाच्या प्रकारातील आहेत, आणि या प्रकाराचा नियमच असा होता की चाल आधी ठरलेली असायची व कवीने तिच्यात शब्द भरायचे. कवितेचे शीर्षक म्हणून त्या चालीचेच नाव लिहिले जाई. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख असतो, त्याची इथे फार आठवण येते. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातील त्या मूळ चाली पुढे हरवल्या, शब्द तेवढे उरले. सू शी या कवीने १०७६ साली शरदातील पौर्णिमेच्या रात्री दूर असलेल्या भावाच्या आठवणीत लिहिलेली कविता या अल्बममध्ये आहे; तिला नवी चाल दिली लियांग होंगझी यांनी. ती पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीच्या आधीच्या पौर्णिमेला, येते. माणसे चिरकाळ राहोत आणि हजार कोसांवरूनही एकच चंद्र पाहोत, अशा अर्थाची तिची शेवटची ओळ तेंग इतक्या साधेपणाने म्हणतात की तिथे आलाप किंवा उंच स्वर यांची गरज उरत नाही.

हीच चाल वांग फेइ यांनी १९९५ मध्ये गायली, आणि माझ्या मते चिनी पॉप समजून घेण्यासाठी याहून चांगली जोडी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेंग यांच्या कॅसेट नकला होऊन मुख्य भूमीवर घरोघरी पोहोचल्या, आणि सरकारी टीकाकारांनी त्यांच्या गाण्याला मन दुबळे करणारे, अधःपतित संगीत म्हटले. १९६९ साली बीजिंगमध्ये जन्मलेल्या वांग फेइ ही गाणी ऐकत वाढल्या, हाँगकाँगला जाण्यापूर्वीच त्यांनी ती ध्वनिमुद्रितही केली, आणि पुढे तेंग यांच्याच गाण्यांचा पूर्ण अल्बम काढताना त्याच्या नावात त्या निंदाव्यंजक शब्दाशी आपले नाव जोडले. त्याच वर्षी मे महिन्यात तेंग यांचे थायलंडमधील चियांग माय येथे दम्याच्या झटक्याने निधन झाले. त्या ४२ वर्षांच्या होत्या, आणि मुख्य भूमीवर त्यांचा एकही कार्यक्रम कधी झाला नव्हता. सू शी यांची कविता वांग फेइ गातात तेव्हा आवाज पातळ, थोडा दूरचा आणि थंड वाटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत मला तो कोरडा वाटला होता. आठवड्याच्या शेवटी मात्र जाणवले की तेंग ती ओळ भावाला उद्देशून म्हणतात आणि वांग फेइ ती चंद्राकडे पाहत स्वतःशीच म्हणतात, आणि कवितेत या दोन्ही वाचनांना जागा आहे.

वांग फेइ यांच्या बाकीच्या कामात मला १९९६ चा 'फुझाओ' हा अल्बम सर्वांत श्रेष्ठ वाटतो. त्यातील बहुतेक चाली त्यांच्या स्वतःच्या आहेत, दोन चाली कॉक्टो ट्विन्स या स्कॉटिश बँडने दिल्या आहेत, आणि काही ठिकाणी शब्द जवळजवळ सोडून केवळ स्वरांवर गाणे चालते. भाषा न येणाऱ्या श्रोत्याला इथे पहिल्यांदाच मूळ श्रोत्याच्या बरोबरीने बसता येते. त्यांना १९९२ मध्ये प्रसिद्धी देणारे कँटोनीज गाणे मियुकी नाकाजिमा या जपानी गीतकार-गायिकेच्या चालीवर आहे, हेही इथे सांगायला हवे, कारण त्या काळच्या हाँगकाँगमध्ये परक्या चालीवर स्थानिक शब्द भरणे ही रोजची गोष्ट होती.

या शब्द भरण्याच्या कामाला आजही 'त्यानत्स' म्हणतात, आणि त्यातला 'त्स' तोच, जुन्या कवितांचा. कँटोनीजमध्ये ते काम फार अवघड आहे. चिनी भाषांत शब्दाच्या उच्चारातील चढ-उतार बदलला की अर्थ बदलतो. मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेत, 'मा' हा उच्चार चार प्रकारे केला तर आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ होतात. मँडरिन गाण्यात हे चढ-उतार बहुतांशी सोडून दिले जातात आणि श्रोता संदर्भाने अर्थ लावतो. कँटोनीज गाण्यात मात्र शब्दाचा चढ-उतार चालीच्या चढ-उताराशी जुळावाच लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येतो. हे समजल्यानंतर कँटोनीज गाणी मला बोलल्यासारखी का वाटतात याचा उलगडा झाला.

याचे उत्तम उदाहरण १९८९ सालचे आहे. मासाहिको कोंदो यांच्या एका जपानी गाण्याच्या चालीवर त्या वर्षी हाँगकाँगमध्ये दोन गायिकांनी दोन वेगळी गाणी गायली: अनिता मुई यांनी मावळत्या सूर्याचे, आणि प्रिसिला चॅन यांनी निरोपाचे. चॅन यांचा आवाज उजळ आणि सरळ आहे, निरोप घेणाऱ्या तरुण मुलीचा. मुई यांचा आवाज स्त्रियांच्या मानाने खूप खालचा, जाडसर आणि किंचित खरखरीत. नोव्हेंबर २००३ मध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी असताना, त्यांनी हाँगकाँग कोलिझियममध्ये आठ कार्यक्रम केले, शेवटी पांढरा विवाहवेष घालून हेच गाणे म्हटले, आणि ३० डिसेंबरला चाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्या कार्यक्रमाचे चित्रीकरण मी एकदाच पाहिले आणि पुन्हा पाहू शकले नाही. मूळ ध्वनिमुद्रण मात्र या आठ महिन्यांत मी सर्वाधिक वेळा ऐकलेले गाणे आहे.

इतरांविषयी थोडक्यात. १९३७ च्या 'स्ट्रीट एंजल' या चित्रपटात गाणाऱ्या शांघायच्या झोऊ श्वान यांचा आवाज जुन्या तबकडीच्या खरखरीतूनही गोड लागतो, पण मला सलग तीन गाण्यांपलीकडे जाता आले नाही. आ-मेइ, म्हणजे चांग हुइमेइ, तैवानच्या पुयुमा या आदिवासी समाजातील आहेत; त्यांचा आवाज मैदानात मोकळा सोडल्यासारखा आहे, आणि २००० साली तैवानच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत राष्ट्रगीत गायल्यामुळे चीनमध्ये त्यांच्यावर काही काळ बंदी आली होती. सिंगापूरच्या तान्या छुआ यांनी तैवानच्या गोल्डन मेलडी पुरस्कारांत मँडरिनमधील सर्वोत्तम गायिकेचा मान चार वेळा मिळवला आहे. त्या मला हळूहळू आवडू लागल्या आहेत. सिंगापूरच्याच स्टेफनी सुन यांनी २००० मध्ये पदार्पणाच्या गाण्यात आजीने म्हटलेले, काळे ढग आले आणि पाऊस येणार असे सांगणारे होक्क्येन भाषेतील बालगीत गुंफले आहे. 'ये रे ये रे पावसा' ऐकत वाढलेल्या कोणालाही तिथे भाषांतराची गरज पडू नये. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांतून पुढे आलेल्या अलीकडच्या गायिका मी प्रामाणिकपणे ऐकल्या, पण प्रत्येक गाण्यात अखेरीस टाळ्यांसाठी स्वर उंचावण्याची सवय मला थकवते.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. एकाच गायिकेचे नाव मँडरिन उच्चाराने, कँटोनीज उच्चाराने, इंग्रजी नावाने आणि कधी जुन्या रंगमंचीय नावाने लिहिलेले असते. वांग फेइ यांची सुरुवातीची गाणी मला महिनाभर सापडली नाहीत, कारण ती वांग जिंगवेन या नावाखाली होती. यावर उपाय एकच: नावाची चिनी अक्षरे एकदा नकलून ठेवावीत, पारंपरिक आणि सुलभ अशा दोन्ही लिप्यांत, आणि शोध नेहमी त्यांनीच घ्यावा. मी वापरत असलेल्या ॲपवर दोन अल्बम मध्येच नाहीसे झाले आणि विचारणा करूनही उत्तर आले नाही. यंत्राने केलेली गीतांची भाषांतरे कवितेच्या बाबतीत निरुपयोगी ठरतात; सू शी यांच्या कवितेसाठी मला ग्रंथालयातून इंग्रजी भाषांतर आणावे लागले. तेंग यांच्या गाण्यांच्या पुनर्मुद्रणांत कृत्रिम घुमारा चढवलेल्या प्रतीही पुष्कळ आहेत. त्यांत तो ओळीअखेरचा श्वास बुडून जातो, म्हणून शक्यतो मूळ अल्बमच ऐकावेत.

भाषा मला आजही येत नाही. पन्नास-साठ शब्द ओळखू येतात, त्यांत चंद्र, पाऊस आणि 'तू' हे अधिक. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी तेंग यांच्या आवाजातील सू शी यांची कविता शब्दांचा अर्थ समोर ठेवून सात दिवस ऐकावी, वांग फेइ यांना आठव्या दिवशी लावावे, आणि तोपर्यंत ॲपने सुचवलेले पुढचे गाणे आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.